पक्षी पाहायला रत्नागिरीचा किनारा की आंबोलीचा घाट?

नान्नजचा माळ आणि हिप्परग्याचा तलाव ही सोलापूरजवळची पक्षी पाहण्याची ठिकाणे पाहून झालेल्या एका सोलापूरकर स्नेह्याला चार दिवसांच्या सहलीसाठी हा प्रश्न पडला आहे. खर्चात मोठा फरक नाही, कारण सोलापूरहून दोन्हीकडे कोल्हापूरमार्गेच जाता येते.

खरा फरक हंगामाचा आणि कष्टांचा आहे. किनाऱ्यावर थंडीत कुरव (गल) आणि चिखल्या (प्लोव्हर) हे पक्षी थव्यांनी येतात. पक्षी उघड्यावर असल्याने नवख्यालाही ते दिसतात, मात्र भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकत असल्याने दिवसाची आखणी तिच्यावरच करावी लागते, आणि दूरच्या चिखलातील सारखे दिसणारे पक्षी ओळखायला दुर्बीण अपुरी पडते.

आंबोलीत पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसला तर दिसतो. पावसाळ्यात शीळकरी कस्तुराची माणसाने घातल्यासारखी शीळ ऐकावी, ती मला कोणत्याही थव्याहून मोलाची वाटते; पण धुके आणि जळवा सोसाव्या लागतात. कर्णा (मलबार ट्रोगन) हा पक्षी तर फांदीवर इतका निश्चल बसतो की समोर असूनही नजरेतून सुटतो.

मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असल्यास डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरी गाठावी. एकट्याने, संयमाने आणि कानांवर भिस्त ठेवून फिरणाऱ्याने आंबोली निवडावी.