डिजिटल किचन काटा आणि सोबतचा कप-चमच्यांचा सेट: वापरून झाल्यावरचं मत

सरळ मुद्द्यावर येते. बेकिंग करताय आणि घरात अजून फक्त मेजरिंग कप असतील तर आधी काटा घ्या, बीटर, साचे, नोझल हे सगळं नंतर. माझ्याकडे आहे तो साधा, वरून काचेचा, चपटा डिजिटल काटा, ५ किलोपर्यंत मोजतो आणि १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, सोबत स्टीलचे कप आणि चमचे आले होते. बरेच महिने रोजच्या वापरात आहे त्यामुळे दोन्हींबद्दल नीट सांगता येईल.

आधी कपांचं बघू, कारण काटा का लागतो ते तिथेच कळतं. रेसिपीत "१ कप" लिहिलेलं असतं पण कुणाचा कप? अमेरिकन कप २३७ मिलीच्या आसपास, तिथेच पाकिटावरच्या न्यूट्रिशन लेबलला २४० धरतात, ऑस्ट्रेलियात २५०, जपानमध्ये २००, राइस कुकरसोबत जो छोटा कप येतो तो १८०, आणि ब्रिटनच्या जुन्या रेसिपीतला कप तर २८४ मिलीचा. टेबलस्पूनही सगळीकडे एक नाही, बहुतेक ठिकाणी १५ मिली पण ऑस्ट्रेलियात २०, म्हणजे जिलेटिन किंवा यीस्ट टेबलस्पूनने घ्यायचं असेल तर थेट एकतृतीयांश जास्त पडतं. माझ्या सेटमधल्या मोठ्या कपावर २५० मिली असं कोरलंय, ते मला फार आवडलं, कारण नुसतं "१ कप" लिहिलेले सेट भरपूर मिळतात आणि त्यात किती मावतं ते देवालाच ठाऊक. घरात असलेला कप तपासायचा असेल तर काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, जेवढे ग्रॅम तेवढे मिली. माझा मोठा कप बरोबर निघाला, पाव कप जरासा कमी भरतो.

पण कप अगदी तंतोतंत असला तरी मैद्याचं काय करणार? डब्यात कप खुपसून वर काढला की अमेरिकन मापाच्या एका कपात १४०-१५० ग्रॅम मैदा बसतो, तोच चमच्याने अलगद भरून सुरीने वरची शीग काढली तर १२०-१२५, आणि चाळून भरला तर त्याहून कमी. तीन कपांची रेसिपी असेल तर हा फरक ९० ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे अर्ध्या कपापेक्षा जास्त मैदा आगाऊ! केक कोरडा झाला, वर तडे गेले, कुकी पसरलीच नाही, की लोक ओव्हनला दोष देतात नाहीतर रेसिपीला, आणि बिचारी रेसिपी बरोबरच असते. ब्राउन शुगर दाबून भरायची की सैल, यावरही असाच गोंधळ. काट्यावर हा प्रश्नच येत नाही, २५० ग्रॅम म्हणजे २५० ग्रॅम, दाबा नाहीतर चाळा.

आता काट्याचं सगळ्यात उपयोगाचं बटण म्हणजे टेअर. भांडं ठेवायचं, टेअर दाबायचं, शून्य आलं की मैदा, परत टेअर, साखर, परत टेअर, दूध, सगळं एकाच भांड्यात आणि नंतर घासायला कप नाहीत. मध किंवा गोल्डन सिरपसारखं चिकट काही असेल तर मी उलटं करते, बाटलीच काट्यावर ठेवून शून्य करते, मग बाटली उचलून भांड्यात ओतते आणि परत काट्यावर ठेवते, उणे ६० दिसलं की ६० ग्रॅम मध गेला. कपाला आतून तेल लावा, मग मध भरा, मग खरवडून काढा, ही सगळी कटकट संपली. बटरलाही असंच, ठोकळा ठेवायचा आणि हवं तेवढं कापून घ्यायचं. अमेरिकन रेसिपीत "एक स्टिक बटर" असतं ते ११३ ग्रॅम, लक्षात ठेवा, फार वेळा लागतं.

ज्यावर मी मार्क कापेन ते म्हणजे मिलीचं बटण. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की पातळ पदार्थ मिलीमध्ये मोजता येतात, पण काटा वजनच मोजतो, मिलीचा आकडा दाखवताना तो सगळं पाणीच आहे असं धरून चालतो. पाण्याला बरोबर, दुधाला उन्नीस-वीस चालून जातं, पण १०० मिली तेल साधारण ९२ ग्रॅम भरतं आणि १०० मिली मध १४० च्या वर जातो, त्यामुळे तेल, मध, सिरप या बटणावर मोजलं की चुकलंच. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही, ती असायलाच हवी होती. तसंच औंसचं बघा, वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम आणि फ्लुइड औंस हे वेगळंच प्रकरण, ते आकारमान आहे, अमेरिकन असेल तर २९.५७ मिली. बटणावर दोन्ही जवळजवळ छापलेत, नवीन माणूस हमखास फसेल. मी काटा ग्रॅमवर ठेवलाय तो ठेवलाय.

बारीक वजनाला हा काटा कामाचा नाही हेही सांगते. २ ग्रॅम यीस्ट १ ग्रॅमच्या टप्प्यावर मोजायचं म्हणजे खरं दीडही असेल नाहीतर अडीचही. त्यातून शून्याजवळ चिमूट चिमूट टाकत गेलात तर आकडा हलतच नाही, कारण असे काटे हळूहळू होणारा बारीक बदल स्वतःच शून्य करून टाकतात. टेअर न करता वाटीच्या वजनासकट मोजलं तर हा त्रास कमी होतो. यीस्ट, सोडा, बेकिंग पावडरसाठी मी सोबतचे चमचेच वापरते, सपाट करून, आणि ते चमचे खरंच चांगले आहेत, दांडा वाकत नाही, कड सरळ असल्यामुळे सुरी फिरवता येते. मिठाला मात्र चमचाही फसवतो, बारीक मिठाचा एक टीस्पून ६ ग्रॅमच्या आसपास आणि जाडसर पापुद्र्याच्या मिठाचा कधीकधी त्याच्या निम्मा. नेहमी ब्रेड करणाऱ्यांनी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा पॉकेट काटा वेगळा घ्यावा.

कपातल्या रेसिपी ग्रॅममध्ये करून घ्यायला मी एक चिठ्ठी फ्रिजवर लावलीय, सगळं अमेरिकन कपाच्या हिशोबाने: मैदा १२०, साखर २००, आयसिंग शुगर १२०, कोको ८५, बटर २२७, मध ३४०. मोबाइलवरचे कन्व्हर्टर कप ते मिली बरोबर सांगतात, पण काही ठिकाणी कोणता पदार्थ ते न विचारताच ग्रॅमचा आकडा येतो, त्यावर अजिबात विसंबू नका. आणि एकदा ग्रॅममध्ये आलात की रेसिपी लहान-मोठी करणं इतकं सोपं होतं की विचारू नका. अर्धं अंडं हवं? फेटा आणि २५ ग्रॅम घ्या, मोठं अंडं कवच सोडून ५० च्या आसपास असतं. ८ इंची गोल टिनची रेसिपी ६ इंचीत करायचीय तर ६×६ भागिले ८×८, म्हणजे ३६ भागिले ६४, म्हणजे सगळं साहित्य ०.५६ पट, टिनची उंची तीच असेल तर. ब्रेडला तर मैदा १०० धरून पाणी ६५, मीठ २, असं टक्क्यातच मांडता येतं, कपात हे कसं करणार सांगा!

बारीकसारीक तक्रारी आहेत. मोठं भांडं ठेवलं की डिस्प्ले झाकला जातो, वाकून बघावं लागतं, आणि दोन मिनिटं हात नाही लावला तर काटा आपोआप बंद होतो आणि टेअर जातो, मध्येच अंडी फोडत बसलात तर परत बेरीज-वजाबाकी. ऑटो-ऑफ लांबवता येईल असा काटा मिळाला तर तो घ्या.

कुठलाही काटा घेतलात तरी आल्या आल्या कडक, सपाट ओट्यावर ठेवून तपासा, खाली टॉवेल किंवा मॅट नको. एकच वस्तू आधी मधोमध मग चारी कोपऱ्यांवर ठेवून बघा, आकडा साधारण तोच यायला हवा. कोपऱ्यावर ५-१० ग्रॅमचा फरक दिसला तर बॉक्स फेकायच्या आत बदलून मागा.