हात बसवणारे सहा आठवडे: राजारामपुरीतील एका प्रशिक्षण लॅबचे परीक्षण

बी.एस्सी.ची पदवी हातात पडली तेव्हा पीसीआरच्या (तापमान खालीवर करत डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीच्या) तिन्ही पायऱ्या, कोणी झोपेतून उठवून विचारल्या असत्या तरी, मी तापमानासकट सांगितल्या असत्या. पीसीआरचे यंत्र मात्र तीन वर्षांत एकदाच पाहिले होते, आणि तेही वीसबावीस मुलांच्या मागे टाचा उंचावून. जीववैद्यकीय संशोधनात जायचे, त्यासाठी आधी एम.एस्सी. किंवा थेट इंटिग्रेटेड पीएच.डी.ला प्रवेश मिळवायचा, असे ठरवून मी पदवीनंतरचे एक वर्ष तयारीसाठी मोकळे ठेवले. त्यातले सहा आठवडे आणि १८,००० रुपये मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी लॅबच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणावर खर्च केले. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे लॅबचे नाव लिहिलेले नाही. त्या तक्रारी संचालकांना मी समोर बसून सांगितलेल्या आहेत.

जागा पाहून पहिल्या दिवशी मन थोडे खट्टू होते. खाली झेरॉक्सचे दुकान, वर जायला अरुंद जिना, आणि तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आठ प्रशिक्षणार्थींना मिळून पिपेटचे (द्रव अचूक मोजून उचलणाऱ्या उपकरणाचे) चार संच, पीसीआरचे एक यंत्र, जेलची (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थराची) एक टाकी आणि एक फ्रीझर, एवढाच सरंजाम होता. तरीही कोणाच्याही पाठीमागे उभे राहून पाहण्याची वेळ आली नाही, कारण प्रत्येक संच दोघांत वाटलेला होता आणि ज्याची पाळी असेल त्यानेच प्रयोगाचे सारे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचे, असा नियम होता.

पहिला आठवडा केवळ पिपेटमध्ये गेला आणि तो फुकट गेला असे तेव्हा आम्हा सर्वांनाच वाटले. एक मिलिलिटर पाण्याचे वजन साधारण एक ग्रॅम भरते, म्हणून १०० मायक्रोलिटर पाणी वजनकाट्यावर ०.१०० ग्रॅमच्या आसपास यायला हवे. या साध्या हिशोबावर प्रत्येकाने ओळीने दहा वेळा पाणी उचलायचे, काट्यावर सोडायचे आणि आकडा लिहायचा. माझे पहिल्या दिवशीचे आकडे ०.०९१ पासून ०.१०७ पर्यंत विखुरलेले होते. अंगठा झटक्याने सुटत होता, पिपेटच्या टोकाला लावलेली प्लास्टिकची टिप पाण्यात गरजेपेक्षा खोल जात होती, आणि पाणी उचलताना बटण पहिल्या थांब्याऐवजी दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबले जात होते, हे मला कोणी दाखवून देईपर्यंत कळले नव्हते. दहाच्या दहा आकडे ०.०९८ ते ०.१०१ यांच्या दरम्यान आल्याशिवाय शिकवणाऱ्या मॅडम पुढच्या कामाला हात लावू देत नव्हत्या. मला त्याला चार दिवस लागले. माझे बाबा शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांना हे सगळे कौतुकाने सांगितले तेव्हा ते म्हणाले, “बघून काम येत न्हाई, हात बसाय लागतोय. आमच्याकडं पोरगं पहिलं सहा महिनं नुसतं मायक्रोमीटर धरतंय.” मला अठरा हजारांत जे कळले ते त्यांनी जेवता जेवता सांगून टाकले.

दुसऱ्या आठवड्यात बफर (प्रयोगाला लागणारी द्रावणे) तयार करणे, विरलनाची, म्हणजे द्रावण पातळ करण्याची, गणिते आणि जेल ओतणे झाले. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. खरे शिक्षण तिसऱ्या आठवड्यात झाले आणि तेही एका फसलेल्या प्रयोगामुळे.

प्रत्येकाने मिठाच्या पाण्याने चूळ भरून आपल्याच गालाच्या आतील पेशी घ्यायच्या, त्यांतून डीएनए काढायचा आणि सोळाव्या गुणसूत्रावरील पीव्ही९२ नावाची जागा पीसीआरने वाढवून पाहायची, असा तो प्रयोग होता. या जागी काही माणसांत सुमारे ३०० अक्षरांचा ‘अलू’ नावाचा तुकडा घुसलेला असतो आणि काहींत नसतो (नावामुळे आमच्या तुकडीत अळूवडीचे विनोद दोन दिवस चालले). तुकडा असेल तर जेलवर ९४१ बेसजोड्यांची (डीएनएच्या अक्षरजोड्यांची) पट्टी दिसते, नसेल तर ६४१ ची, आणि आईकडून एक व वडिलांकडून दुसरे आले असेल तर दोन्ही दिसतात. या जागेचा कोणत्याही आजाराशी संबंध नाही, म्हणूनच ती शिकवण्यासाठी निवडतात. शिकाऊ मुलांनी एकमेकांच्या शरीरातील आजारांची चिन्हे हुडकत बसू नये, हे मॅडमनी आधीच स्पष्ट केले होते. कोणाच्याही बोटातून रक्त काढायला त्यांनी परवानगी दिली नाही, हेही मला योग्य वाटले.

जेलवरच्या माझ्या लेनमध्ये (रांगेत) दोन्ही पट्ट्या सुरेख उमटल्या. मी फोन काढून जेलचा फोटो घेणार, एवढ्यात मॅडमनी शेवटच्या लेनवर बोट ठेवले. ती निगेटिव्ह कंट्रोलची लेन होती. त्या नळीत बाकीचे सगळे घटक असतात, फक्त डीएनएच्या जागी पाणी असते, त्यामुळे तेथे काहीच दिसायला नको. आमच्या जेलवर तेथे ६४१ पाशी एक फिकट पण स्पष्ट पट्टी होती. “आता तुमच्या आठही लेनमध्ये दिसतंय ते तुमचं स्वतःचं आहे, हे कशावरून?” त्यांनी विचारले. खोलीत कोणी बोलेना.

पीसीआरचे सामर्थ्य हाच त्याचा धोका आहे. प्रत्येक फेरीत डीएनए दुप्पट होतो, म्हणजे एका भटक्या रेणूपासून ३० फेऱ्यांत कागदोपत्री १०७ कोटींहून अधिक प्रती होतात, आणि आमच्या प्रयोगात फेऱ्या ४० होत्या. उघड्या नळीवर बोललेले एक वाक्य किंवा हातमोजा न बदलता उघडलेला टिपचा डबा एवढे पुरते. मी घाईघाईने एक तर्क मांडला: माझ्यात दोन्ही पट्ट्या आहेत आणि कंट्रोलमध्ये फक्त ६४१ ची आहे, तेव्हा ही घाण माझी नव्हे, ज्याच्यात केवळ ६४१ आहे अशा कोणाची तरी असावी. मॅडमनी तो तर्क तिथल्या तिथे खोडून काढला. लहान तुकडा मोठ्यापेक्षा सहज वाढतो आणि सुरुवातीला डीएनए अगदी थोडा असेल तर मोठा तुकडा दिसेलच असे नाही, म्हणून एवढ्यावरून माझी सुटका होत नव्हती आणि दुसऱ्या कोणावर आरोपही करता येत नव्हता.

पुढचे तीन दिवस आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. आधी टिपचा नवा डबा उघडला, पट्टी तशीच राहिली. मग प्रायमरची (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणाऱ्या छोट्या डीएनएची) नवी नळी काढली, तरी पट्टी राहिली. तिसऱ्या दिवशी पाण्याची नळी बदलली आणि ती लेन काळीभोर, म्हणजे पट्टीविना, आली. सर्वांनी मिळून एकाच नळीतले पाणी वापरले होते आणि कोणीतरी वापरलेली टिप तिच्यात पुन्हा बुडवली होती. कोणी, ते कळले नाही आणि विचारलेही गेले नाही. त्या दिवसापासून पाणी लहान लहान नळ्यांत वाटून, प्रत्येकाला आपापले देण्याची पद्धत सुरू झाली. ती पद्धत पहिल्याच दिवसापासून का नव्हती, असे मी विचारले तेव्हा मॅडम नुसत्या हसल्या, त्यामुळे हे सगळे मुद्दाम घडू दिले होते की काय, अशी शंका मला अजून आहे.

या लॅबचे दुसरे बलस्थान म्हणजे प्रयोगवही. पानांना आधीच क्रमांक घातलेले, लिखाण पेनाने, चूक झाली तर एकच रेघ मारून बाजूला सही, पान फाडायचे नाही, आणि फसलेल्या दिवसाचीही नोंद त्याच दिवशी. कॉलेजच्या जर्नलमध्ये आम्ही निष्कर्ष आधी लिहून निरीक्षणे मागाहून जुळवत असू, हे कबूल करायला हरकत नाही. येथे माझ्या वहीत “निगेटिव्ह कंट्रोलमध्ये पट्टी. कारण माहीत नाही” हे वाक्य दोन वेळा आहे.

पेशीसंवर्धनाच्या (शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या) पाचव्या आठवड्याने मात्र निराशा केली. जाहिरातीत ते प्रत्यक्ष करायला मिळेल असे लिहिले होते. प्रत्यक्षात बाहेरच्या एका भागीदार लॅबमध्ये नेऊन, काचेपलीकडून पाहायला लावले. लॅबमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी दाखवण्यापूर्वी त्या १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कर्करोगग्रस्त स्त्रीच्या शरीरातून तिच्या संमतीविना घेतल्या गेल्या होत्या, हे सांगितले गेले, याबद्दल मी समाधानी आहे. परंतु ३७ अंशांची पेटी, त्यातील ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ७० टक्के अल्कोहोलने पुसलेले हात यांचे वर्णन कोणत्याही पुस्तकात मिळते, त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. प्रथिने ओळखण्याच्या दोन पद्धतींपैकी वेस्टर्न ब्लॉट तर व्हिडिओवरच उरकला, आणि एलायझाच्या किटची मुदत संपून गेलेली होती.

याहून गंभीर तक्रार अखेरच्या आठवड्याची आहे. ६,००० रुपये जादा भरल्यास एका परीक्षणलेखात (इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखात) सहलेखक म्हणून नाव घालून तो ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकात छापून देऊ, असे कार्यालयातून सांगण्यात आले. त्या लेखातील एक ओळही आम्ही लिहिलेली नव्हती. आठापैकी तिघांनी पैसे भरले. त्यांना दोष देणे मला जमत नाही, कारण घरच्यांना दाखवण्यासारखे काहीतरी हवे असते. पण मुलाखतीत समोरच्याने त्या लेखाबद्दल दोन प्रश्न विचारले तर काय उत्तर देणार, हा विचार पैसे भरण्यापूर्वी करायला हवा. ज्या खोलीत आम्हाला खोटा निकाल लिहू नका असे तीन आठवडे शिकवले गेले, तिच्या शेजारच्याच खोलीत खोटे लेखकत्व विकले जावे, ही विसंगती मी संचालकांना बोलून दाखवली. मॅडम त्या वेळी तेथे नव्हत्या, आणि त्यांना हे ठाऊक होते की नाही, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

पुढील शिक्षणाच्या मार्गदर्शनासाठी एक रविवारची दुपार ठेवली होती. पाहुण्या वक्त्यांनी अमेरिकेतील एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या ‘पोस्टबॅक’ योजनेची भरपूर स्तुती केली. पदवी झालेल्यांना एखाददोन वर्षे पूर्ण वेळ लॅबमध्ये काम करून मग पीएच.डी. किंवा वैद्यकीय शिक्षणाकडे वळू देणारी ती योजना खरोखरच उत्तम आहे. मात्र तिच्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा हक्क लागतो, हे त्यांनी सांगितले नाही. घरी जाऊन मीच वाचले. त्यापेक्षा बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून देतात ती दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती सांगितली असती तर तुकडीतल्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना उपयोग झाला असता, कारण तिला शिकत असतानाच अर्ज करायचा असतो. प्रवेश अर्जासोबतच्या उद्देशपत्राचा जो तयार नमुना सर्वांना वाटला, त्यात “लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे” हे वाक्य होते. आठ जणांनी तोच नमुना वापरला तर आठ जणांचे लहानपण सारखे निघेल.

प्रवेश परीक्षांना या प्रशिक्षणाचा किती उपयोग होतो, असे मला अनेकांनी विचारले. जॅम या एम.एस्सी. प्रवेशाच्या परीक्षेच्या जैवतंत्रज्ञानाच्या पेपरात ६० प्रश्न, १०० गुण आणि तीन तास असतात. त्यातील आकडा लिहून उत्तर द्यायच्या प्रश्नांत विरलनाची गणिते मला आता सहज सुटतात. इतर अभ्यासक्रम घरीच बसून करावा लागतो, आणि त्यासाठी एनपीटीईएलची (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाची) मोफत व्याख्याने पुरेशी आहेत. उपयोग झाला तो मुलाखतीत. पुण्यातील एका संशोधन संस्थेत प्रकल्प साहाय्यकाच्या जागेसाठी गेले असता, “तुमचा एखादा प्रयोग फसला असेल तर सांगा,” असा प्रश्न आला आणि पुढची वीस मिनिटे आम्ही त्या पाण्याच्या नळीवरच बोलत होतो. एकाच वेळी सगळे घटक का बदलले नाहीत, पाणी आधी का तपासले नाही, निकाल फेकून द्यायचे की ठेवायचे, असे प्रश्न ते विचारत गेले. प्रमाणपत्र फाईलमध्येच राहिले. ती जागा एम.एस्सी. झालेल्या एका मुलीला मिळाली, हेही सांगून टाकते.

ज्यांच्या कॉलेजात पिपेट हातात मिळाले आहे त्यांनी १८,००० रुपये भरण्याची गरज नाही. ओळखीच्या प्राध्यापकांकडे दोन महिने फुकट राबणे अधिक चांगले. ज्यांना माझ्यासारखे टाचा उंचावून पाहावे लागले आहे, त्यांनी चौकशीला जाताना पिपेट किती आणि मुले किती, हे आधी विचारावे आणि पेशीसंवर्धन कोण करणार, हे लेखी घ्यावे. पहिल्या चार आठवड्यांचीच फी भरता येते, ११,००० रुपये, परंतु ते आपणहून सांगत नाहीत. सकाळची तुकडी घ्यावी. दुपारच्या तुकडीत आमच्या वेळी दोनदा वीज गेली आणि इन्व्हर्टरवर फ्रीझर चालतो, पीसीआरचे यंत्र चालत नाही.