नेटवर्किंगचा पहिला पेपर: प्रात्यक्षिक भक्कम, थिअरीचा क्रम चुकलेला

जळगावातल्या एका महाविद्यालयात बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर नेटवर्किंगचा प्रास्ताविक पेपर आहे. आठवड्याला तीन तास थिअरी, दोन तास प्रात्यक्षिक. ऐच्छिक विषय निवडताना हा घ्यावा का, असं मुलं विचारतात. घ्यावा, आणि तो प्रयोगशाळेसाठी घ्यावा.

सुरुवात केबल क्रिम्पिंगने, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवण्याने होते आणि ती घाईत उरकत नाहीत, ही या पेपरची सगळ्यात मोठी जमेची बाजू. टी-५६८-बी या मानकातला तारांच्या रंगांचा क्रम पाठ करून घेतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारा तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर, म्हणजे निळ्या जोडीच्या दोन बाजूंना का जातात, तेही इथे समजावतात. बाजारात अनेक जण रंग सरळ जोडीने लावतात. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे टेस्टरचे आठही दिवे बरोबर लागतात. पण तिसऱ्या-सहाव्या पिनवरच्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या जोडीतल्या राहत नाहीत, शेजारच्या जोडीचा सिग्नल त्यांच्यात उतरतो आणि लांब केबलवर स्पीड कोसळतो. ही चूक साध्या टेस्टरवर दिसतच नाही. पीळ कनेक्टरजवळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, हेही पट्टीने मोजून दाखवतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर लिंक बहुतेकदा १०० वर येऊन थांबते, आणि दोष मात्र स्विचला दिला जातो.

एक गोष्ट मात्र इथे शिकवायलाच हवी होती आणि ती राहिली आहे. केबलची १०० मीटरची मर्यादा २० अंश सेल्सिअस धरून काढलेली असते. तापमान वाढलं की तांब्याच्या तारेतला सिग्नल जास्त क्षीण होतो. या १०० पैकी भिंतीतल्या केबलचा वाटा ९० मीटरचा; ६० अंशांला तो ७५ मीटरवर येतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो, मग पत्र्याखालून ओढलेल्या केबलचं काय होत असेल! त्यात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल वापरली तर आणखी नुकसान. खानदेशात नेटवर्क उभारणाऱ्याला ही माहिती नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलच्या सात थरांइतकीच गरजेची आहे.

संगणकावरच नकली नेटवर्क उभारून पाहायचं सॉफ्टवेअर म्हणजे पॅकेट ट्रेसर; त्याचे तासही चांगले. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचं खातं उघडलं की हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे घरी सराव करता येतो. मुलं अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. राउटरचा इंटरफेस मुळात बंद असतो, ‘नो शटडाउन’ दिल्याशिवाय तो उघडत नाही. स्विचचा पोर्ट सुरुवातीला सुमारे ३० सेकंद नारिंगी राहतो; ते स्पॅनिंग ट्रीचं, म्हणजे नेटवर्कमध्ये गोल फेरा होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचं काम आहे, बिघाड नव्हे. पलीकडच्या नेटवर्कला केलेलं पहिलं पिंग (समोरचा उत्तर देतो का हे पाहणारी हाक) हुकतं, कारण समोरच्याचा मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) आयपीवरून तो विचारणाऱ्या एआरपीने शोधेपर्यंत ते पॅकेट टाकून दिलेलं असतं. पुन्हा पिंग करा, उत्तर येतं. सिम्युलेशन मोडमध्ये हे एकेक पॅकेट करून दाखवतात, आणि तिथे विषय खरंच डोक्यात बसतो.

थिअरीत मात्र निराशा होते. आयपी पत्त्यांचे ए, बी, सी वर्ग शिकवण्यात बराच वेळ जातो, आणि वर्ग मोडीत काढून गटाचा आकार गरजेप्रमाणे ठरवणारी सीआयडीआर पद्धत १९९३ पासून चालू असूनही ती शेवटी धावत येते. परिणामी मुलांना सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कचे लहान गट पाडणं, नुसतं कोष्टक वाटतं. खरं तर उदाहरण सोपं आहे. महाविद्यालयात लॅबला ५० संगणक, ग्रंथालयाला २०, कार्यालयाला १० असतील तर मोठ्यापासून सुरू करायचं: लॅबला १९२.१६८.१०.०/२६ (तिरप्या रेघेपुढचा आकडा म्हणजे ३२ पैकी नेटवर्कसाठी राखलेले बिट) म्हणजे ६२ वापरण्याजोगे पत्ते, ग्रंथालयाला .६४/२७ म्हणजे ३०, कार्यालयाला .९६/२८ म्हणजे १४. छोट्यापासून सुरुवात केली की कार्यालय ० ते १५ घेतं, आणि लॅबचा /२६ चा, म्हणजे ६४ पत्त्यांचा गट ६४ च्या पटीवरच सुरू होत असल्याने १६ पासून सुरू होऊच शकत नाही, त्याला ६४ वर जावं लागतं. मधले पत्ते तुटक उरतात. हे एकदा फळ्यावर मांडलं तर परीक्षेतली निम्मी भीती जाईल.

आयपी पत्त्यांची नवी, लांब पत्त्यांची आवृत्ती म्हणजे आयपीव्ही-६; तिला जेमतेम एक तास मिळतो, तोही १२८ बिट आणि कोलन सांगण्यात संपतो. मुलांच्या खिशातल्या मोबाइलवर आज आयपीव्ही-६ चालू असतं. सेटिंगमध्ये पत्ता उघडून पाहायला सांगितलं तरी पुष्कळ शिकवून होईल. त्याच जागी अनेकदा १०० ने सुरू होणारा आयपीव्ही-४ पत्ताही दिसतो, तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. घरच्या सीसीटीव्हीला बाहेरून जोडता का येत नाही, याचं उत्तर तिथेच आहे.

नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारं पॉवर ओव्हर इथरनेट तर अभ्यासक्रमात नाहीच. पतसंस्था, जिनिंग, सावदा-रावेरकडची केळी पिकवण्याची केंद्रं, सगळीकडे आता आयपी कॅमेरे लागतात. ८०२.३-एएफ या त्याच्या साध्या मानकाच्या पोर्टमधून १५.४ वॉट निघतात, पण कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॉटचाच भरवसा असतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की हलक्या केबलवरचा कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो, तो याच कारणाने.

प्रवेश घेणाऱ्यांनी क्रिम्पिंग टूल, टेस्टर आणि तांब्याची थोडी कॅट-६ केबल स्वतःची घ्यावी. लॅबमधली टूलं अनेक हातांतून जाऊन ढिली झालेली असतात आणि पिना नीट दाबल्या जात नाहीत. नेटवर्कवरची पॅकेट्स उघडून दाखवणाऱ्या वायरशार्क या सॉफ्टवेअरचा तास सत्राच्या शेवटी ठेवला आहे. तोवर थांबू नका, दुसऱ्या आठवड्यातच घरी टाकून घ्या आणि एखादी वेबसाइट उघडताना डीएनएसची (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची) विचारणा आणि टीसीपीचे जोडणी जुळवणारे सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक हे तीन टप्पे ओळीने शोधा.