करवत वाजवायचीय? सुताराची घ्यावी की बिनदाती मागवावी

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी करवतीचं पातं वाकवून टिचक्या मारत बसलो होतो. मालक बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "भावा, लाकूड कापायचंय का भजन करायचंय?" चार करवती परत ठेवल्या, पाचवी घेतली.

व्हायोलिनसारखा गज फिरवून करवत वाजवायला शिकायचं ठरलं की प्रश्न हाच पडतो : ही साधी करवत घ्यावी, की वाजवण्यासाठीच बनवलेली मागवावी? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधली मसेल अँड वेस्टफाल ही कंपनी १९२१ पासून अशा करवती विकत आलीय. पातं पातळ, लांब आणि बिनदाती. तीस इंची पात्यातून तीनेक सप्तकं निघतात, सुताराच्या सव्वीस इंचीतून दोनेक. पण इथवर आणायची तर कुरिअर आणि कस्टमचाच भार जास्त. सुताराची काहीशे रुपयांत मिळते.

मात्र सुताराची कुठलीही चालत नाही. पाठीवर जाड पट्टी बसवलेली करवत वाकतच नाही, ती सोडून द्या. आखूड आणि ताठ पात्यात सूर कमी. दुकानातच बघायचं : मूठ मांड्यांत धरायची, शेंडा डाव्या हाताने खाली दाबायचा. नुसती कमान झाली तर टिचकीला 'ठप्प' येतं. तोच शेंडा जरा उलटा वळवून पात्याचा इंग्रजी एस केला, आणि एक बाक संपून दुसरा सुरू होतो तिथे टिचकी मारली, की 'टिंऽऽग'. कंपन त्या जागेतच कोंडून राहतं, मुठीकडे किंवा शेंड्याकडे निसटत नाही, म्हणून सूर टिकतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये यावर शोधनिबंधही लिहिलाय. बाक वाढवला की सूर चढतो आणि ती जागा शेंड्याकडे सरकते. गजही तिच्या मागोमाग न्यावा लागतो. पहिले पंधरा दिवस माझा सगळा जीव ही जागा शोधण्यातच गेला.

एक गोष्ट दोन्हींना सारखीच लागू. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी तेवढी मिळते, पेटीला जन्मात जमणार नाही इतकी. पण आधीचा सूर लवकर विझत नाही, त्यामुळे भरभर सुरांची तान घेतली की नुसता चिखल. जयपूर घराण्याचे थोर गवई अल्लादिया खाँसाहेब जिथे राहिले त्या कोल्हापुरात राहून हे सांगायला जीभ अडखळते, पण त्या घराण्याची पेचदार तान करवतीवर काढायचा हट्ट नको. आलाप, अभंगाची संथ चाल, एवढं छान होतं.

माझं मत? आधी सुताराची. वाचलेले पैसे गजावर घाला. गज आणि राळ व्हायोलिनचीच चालते. वर्षभर हात टिकला आणि दोन सप्तकं अपुरी वाटायला लागली, तर बिनदातीचा विचार करा.

गज पाठीच्या गुळगुळीत कडेवर चालवायचा, दात आपल्याकडे येतात. तेवढी सायकलची जुनी ट्यूब चिरून त्यांच्यावर चढवा. मला हे सुचायच्या आत एक पँट गेली होती.