विंडसर कॅसल: वडीलधाऱ्या पाहुण्यांना दाखवावा असा राजवाडा

लंडनला आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना राजवाडा दाखवायचा असे ठरले की बहुतेक मराठी घरांत पहिले नाव बकिंगहॅम पॅलेसचे निघते. वास्तविक त्या राजवाड्याची दालने मुख्यतः उन्हाळ्यातले दहाएक आठवडेच सर्वांसाठी उघडी असतात. एरवी कुंपणाच्या गजांबाहेर गर्दीत ताटकळत पहारेकऱ्यांची अदलाबदल पाहायची आणि पुढच्यांच्या डोक्यांवरून मिळेल तसा फोटो काढून परतायचे, एवढेच हाती लागते. ज्यांच्याकडे सासू-सासरे किंवा आई-वडील पाहुणे आले आहेत आणि ज्यांना एकच राजवाडा पण नीट दाखवायचा आहे, त्यांनी लंडनच्या पश्चिमेला असलेल्या विंडसर कॅसलला जावे, असे मी माझ्या सासूबाईंना तिथे नेऊन आणल्यानंतर खात्रीने सांगू शकतो. हा किल्ला वर्षभर उघडा असतो, मात्र मंगळवारी आणि बुधवारी तो बंद ठेवतात. परदेशी राष्ट्राध्यक्षांचा दौरा असेल तेव्हाही तो बंद असू शकतो; त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी तारखा पाहून घेणे आवश्यक आहे.

सासूबाई साताऱ्याच्या. नगरपालिकेच्या लेखा विभागातून त्या निवृत्त झाल्या असल्यामुळे कोणतीही भव्य वस्तू पाहिली की ती कोणी केली आणि तिचे पैसे कोणी दिले, हे दोन प्रश्न त्यांच्या मनात आधी येतात. पत्नीला रजा मिळाली नव्हती, म्हणून आम्ही दोघेच गेलो. इथे एक गोष्ट जावयांसाठी मुद्दाम नोंदवतो. पाय दुखत असल्याचे सासू मुलीला सांगते, जावयाला सांगत नाही. त्या मला अजूनही अहो-जाहो करतात आणि विचारले तर ‘मला काही होत नाही, तुम्ही चला’ एवढेच उत्तर देतात. म्हणून चढ कुठे आहे, बसायला जागा कुठे आहे आणि प्रसाधनगृह कुठे आहे, याची माहिती जावयाने आधीच काढून ठेवलेली बरी.

पॅडिंग्टनहून स्लाउपर्यंत गाडीने जाऊन तिथे विंडसरची छोटी गाडी पकडली, तर ती थेट किल्ल्याच्या पायथ्याशी उतरवते. वॉटर्लूहून न बदलता जाणारी गाडीही आहे, परंतु तिचे स्थानक थोडे खालच्या अंगाला असल्याने चढ वाढतो. किल्ला थेम्स नदीकाठच्या खडूच्या टेकडीवर आहे. साधारण १०७० च्या सुमारास इंग्लंड जिंकणारा राजा विल्यम द कॉन्करर याने लंडनच्या रक्षणासाठी ही जागा निवडली, ती उंचीमुळेच; आणि ती उंची आजही गुडघ्यांना जाणवते. प्रवेशद्वारी विमानतळावर असते तशी तपासणी होते. तिथून मधल्या गोल बुरुजाला वळसा घालून चढत जावे लागते. बुरुजाभोवतीच्या खंदकात पाण्याऐवजी फुलझाडांची बाग आहे. उन्हाळ्यात वेगळे तिकीट काढून बुरुजावर जाता येते, पण त्याला दोनशे पायऱ्या आहेत. वडीलधाऱ्यांबरोबर असताना तो विचारही करू नये. बुरुजावरचा ध्वज मात्र पाहावा, कारण राजे वास्तव्याला असतील तर राजध्वज फडकतो आणि नसतील तर देशाचा. आम्ही गेलो त्या दिवशी देशाचा ध्वज होता. ‘म्हणजे मालक घरी नाहीत,’ असे सासूबाई म्हणाल्या आणि मोकळेपणाने पुढे निघाल्या.

सर्वांत आधी क्वीन मेरीचे बाहुलीघर पाहून घ्यावे, कारण दुपारनंतर तिथली रांग लांबते. १९२१ ते १९२४ या काळात वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांनी ते उभारले. त्याच वर्षांत हे गृहस्थ नवी दिल्लीचेही काम पाहत होते, हे लक्षात घेतले की गंमत वाटते. घर खऱ्या घराच्या एकास बारा मापात आहे; त्याच्या नळांना पाणी येते, दिवे लागतात, लिफ्ट चालते, तळघरातल्या इवल्या बाटल्यांत खरे मद्य भरलेले आहे आणि ग्रंथालयातली इवल्याशा अक्षरांची पुस्तके त्या काळच्या नामवंत लेखकांकडून लिहवून घेतलेली आहेत. जवळपास दीड हजार कारागीर आणि कलावंत त्यासाठी राबले. मला हे सगळे प्रौढ राणीची भातुकली वाटली. सासूबाईंचे मत अधिक आदराचे होते. एवढ्या लहान मापाची तिजोरी, तिच्यातले दागिने, कपाटांतल्या चादरींच्या घड्या यांत कुठेही ‘चालवून घेतलेले’ नाही, हे त्यांना फार आवडले आणि त्या काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या होत्या. खोली अंधारी आहे, बसायला जागा नाही, तेवढे सोसावे.

तिथून स्टेट अपार्टमेंट्स नावाच्या समारंभांच्या दालनांकडे जाता येते. ऐकण्याचे यंत्र तिकिटातच मिळते, पण ज्यांना इंग्रजीत भराभर ऐकायची सवय नाही त्यांनी त्यात अडकू नये. प्रत्येक दालनात गणवेशातले वॉर्डन उभे असतात आणि या माणसांना आपल्या दालनाची माहिती तर असतेच, शिवाय ती सांगायची हौसही असते. मी दुभाष्याचे काम केले. सासूबाईंचे प्रश्न आणि वॉर्डनची उत्तरे यांतून जे कळले, ते यंत्राच्या ध्वनिफितीतून कळले नसते. उदाहरणार्थ, मुदपाकखान्यातली घड्याळे पाच मिनिटे पुढे लावलेली असतात, म्हणजे राजाचे जेवण कधी उशिरा वाढले जात नाही.

जिना चढून वर आल्यावर पहिले मोठे दालन लागते ते लढायांत मिळवलेल्या वस्तूंचे. त्यात टिपू सुलतानाच्या सिंहासनाचे सोन्याने मढवलेले वाघाचे मुख आहे, स्फटिकाचे दात असलेले. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ते इंग्रजांच्या हाती आले. त्याच दालनात ट्राफल्गरच्या लढाईत इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याला लागलेली गोळीही ठेवलेली आहे आणि बहुतेक इंग्रज प्रेक्षक तिच्यासमोर घोळका करतात, त्यामुळे वाघासमोर आपल्याला निवांत उभे राहता येते. इथे सासूबाई जरा गंभीर झाल्या. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना १८३९ साली कंपनी सरकारने पदच्युत करून काशीला धाडले, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले आणि चौदा वर्षे इथे खेटे घालत राहिले, ही हकिकत साताऱ्याच्या माणसाला सांगावी लागत नाही. ते इथे होते त्या काळात हा व्हिक्टोरिया राणीचाच वाडा होता, हा हिशेब सासूबाईंनी मनातल्या मनात केला असावा. ‘इतकी वर्षे त्या बिचाऱ्यांनी या थंडीत काढली असतील का हो?’ असे त्यांनी मला विचारले. वॉर्डनबाईंना ते भाषांतर करून सांगावे की नाही, असा मला प्रश्न पडला. मी सांगितले, आणि वॉर्डनबाईंनी रंगो बापूजींचे नाव वहीत उतरवून घेतले.

पुढचे वॉटर्लू दालन भारतीय पाहुण्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे, असे माझे मत आहे. मात्र ते भिंतींवरच्या चित्रांमुळे नव्हे. भिंतींवर नेपोलियनला हरवणारे राजे, सेनापती आणि मुत्सद्दी टॉमस लॉरेन्स यांच्या कुंचल्यातून उतरले आहेत आणि सगळे प्रेक्षक माना वर करून त्यांच्याकडे पाहत असतात. खरी नवलाई पायांखाली आहे. तो अवाढव्य गालिचा व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. त्याचे वजन सुमारे दोन टन आहे, आणि बिनजोड विणलेल्या गालिच्यांत तो जगातला सर्वांत मोठा समजला जातो. राणीला हिंदुस्थानी शिकवणारा तिचा मुन्शी अब्दुल करीम हाही आग्र्याच्याच तुरुंगातला कारकून होता. एका तुरुंगाने राणीला गालिचा दिला आणि शिक्षकही, असा विचार करत उभे राहिले तर त्या दालनात अर्धा तास सहज जातो. सासूबाईंनी हातमागाची गणिते मांडून पाहिली. किती माणसे एका रांगेत बसली असतील, एक वीत विणायला किती दिवस लागले असतील. कैद्यांना मजुरी मिळाली का, या त्यांच्या प्रश्नाला वॉर्डनकडेही उत्तर नव्हते.

या गालिच्याची आणखी एक कथा आहे आणि ती किल्ल्याच्या अलीकडच्या इतिहासाशी जोडलेली आहे. २० नोव्हेंबर १९९२ रोजी खासगी प्रार्थनागृहातल्या एका दिव्याने पडद्याला आग लागली. ती पंधरा तास धुमसत राहिली आणि शंभराहून अधिक खोल्यांचे नुकसान झाले. हा दोन टनांचा गालिचा त्या वेळी पन्नास सैनिकांनी गुंडाळून वाचवला. दुरुस्तीसाठी त्या भागातले बरेच सामान आधीच हलवलेले होते, म्हणून चित्रे आणि फर्निचर मोठ्या प्रमाणावर बचावले. मेजवान्यांच्या सेंट जॉर्जेस हॉलचे छत मात्र कोसळले. आज तिथे जे छत दिसते ते नव्याने केलेले, न वाळवलेल्या ओक लाकडाचे आहे, आणि ते इतके देखणे आहे की ते तीसेक वर्षांपूर्वीचे आहे हे सांगूनही पटत नाही. छतावर गार्टर या राजसन्मानाच्या मानकरी सरदारांच्या शेकडो ढाली रंगवलेल्या आहेत. ज्यांची सरदारकी काढून घेतली गेली त्यांच्या ढाली कोऱ्या पांढऱ्या ठेवलेल्या आहेत. असल्या अपमानाची कायमची नोंद ठेवणारी व्यवस्था पाहून सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या बाईला हसू आवरले नाही.

पण त्यांचा खरा रस होता तो खर्चात. जीर्णोद्धाराला सुमारे ३ कोटी ६५ लाख पौंड लागले. इमारतीचा विमा नव्हता. सरकार पैसे देईल असे जाहीर होताच लोकांनी एवढा आरडाओरडा केला की शेवटी दुसरा मार्ग शोधावा लागला: १९९३ पासून बकिंगहॅम पॅलेसची दालने उन्हाळ्यात तिकीट लावून उघडली, विंडसरच्या आवारात शिरायलाही शुल्क ठेवले, आणि सुमारे सत्तर टक्के रक्कम अशी प्रेक्षकांकडूनच उभी केली. दुसऱ्या एलिझाबेथ राणीने प्राप्तिकर भरायला सुरुवात केली तीही १९९३ पासूनच. काम पाच वर्षांत, १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पुरे झाले आणि तेही अंदाजपत्रकापेक्षा कमी खर्चात, हे ऐकल्यावर सासूबाईंनी मला ते पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. माझ्या मते विंडसरच्या साऱ्या वैभवात त्यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा याच गोष्टीचा उमटला.

सेंट जॉर्जेस चॅपल आवारातच, पण खालच्या अंगाला आहे. चौथ्या एडवर्डने १४७५ मध्ये ते सुरू केले आणि आठव्या हेन्रीच्या काळात ते पूर्ण झाले. पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले दगडी छत पाहण्यासारखे आहे; खाली आठवा हेन्री आणि पहिला चार्ल्स एकाच तळघरात आहेत, आणि बाजूच्या छोट्या प्रार्थनागृहात दुसरी एलिझाबेथ. तिच्या काळ्या शिळेपुढे लोक आपोआप हळू बोलतात. रविवारी चॅपल प्रेक्षकांसाठी बंद असते, म्हणून वडीलधाऱ्यांना घेऊन रविवारी जाऊ नये. इथे खुर्च्या आहेत, आणि दिवसभराच्या उभे राहण्यानंतर तीच या जागेची मोठी सोय ठरते.

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चौदाव्या शतकातल्या कमानींच्या तळघरात नवे उपाहारगृह केले आहे. जागा सुंदर, शाकाहारी पदार्थ मोजके, दर राजवाड्याला साजेसे. घरून आणलेला डबा बाहेर पडल्यावर ‘लाँग वॉक’ या सरळ लांब रस्त्याच्या सुरुवातीला हिरवळीवर बसून खावा. तिथून किल्ल्याचे पूर्ण दर्शन होते आणि त्याला पैसे पडत नाहीत. डोक्यावरून दर काही मिनिटांनी हीथ्रोची विमाने जातात, तेवढा आवाज गृहीत धरावा.

तिकीट माणशी तीस पौंडांच्या पुढे जाते, आगाऊ काढले तर थोडे स्वस्त पडते. रुपयांत सांगितल्यावर सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे आले ते मी इथे लिहीत नाही. मात्र तिकीट थेट किल्ला चालवणाऱ्या न्यासाकडूनच घेतले असेल आणि बाहेर पडण्याआधी विचारले, तर त्याचा वर्षभराचा पास करून देतात. हे सांगायला कोणी आपणहून पुढे येत नाही, आपणच खिडकीवर मागावे लागते. हिवाळ्यात, इतर वेळी बंद असलेली चौथ्या जॉर्जची सोनेरी-लाल दालनेही उघडतात, तीही त्याच पासावर पाहता येतात. सासूबाईंनी पास पर्समध्ये ठेवण्यापूर्वी दोन खेपांना दर काय पडतो आणि तीन खेपांना काय, हे काढून पाहिले आणि नोव्हेंबरात लेकीला घेऊन पुन्हा यायचे ठरवले. माझे नाव त्या बेतात आहे की नाही, ते अजून कळलेले नाही.