स्ट्रॅटक्स: टॉवर नसलेल्या विमानतळावर हा डबा कितपत कामाचा?

स्ट्रॅटक्स म्हणजे आसपासच्या विमानांचे रेडिओ संदेश पकडून ती टॅबलेटवर दाखवणारा, स्वतः जोडता येणारा रिसीव्हर. रास्पबेरी पाय हा छोट्या संगणकाचा बोर्ड, दोन एसडीआर डाँगल (यूएसबीला लावायचे रेडिओ रिसीव्हर), दोन अँटेना, जीपीएस, पंखा आणि एक मायक्रोएसडी कार्ड, एवढाच स्ट्रॅटक्सचा संसार. सॉफ्टवेअर खुलं आणि फुकट. डबा स्वतःचं वायफाय सुरू करतो. टॅबलेट त्याला जोडला आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१ टाकलं की सेटिंगचं पान उघडतं. मग फोरफ्लाइटसारख्या ॲपमध्ये आसपासची विमानं नकाशावर दिसू लागतात. जोडणीला अर्धा तास पुरतो. पडद्यावर कोण दिसत नाही हे समजून घ्यायला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो, आणि टॉवर नसलेल्या, म्हणजे विमानांना क्रम लावून देणारा नियंत्रक नसलेल्या, विमानतळावर खरी गरज त्याचीच असते.

अमेरिकेत एडीएस-बी, म्हणजे विमानाने आपली जागा, उंची आणि वेग स्वतःहून प्रसारित करण्याची पद्धत, १०९० आणि ९७८ मेगाहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर चालतं. एकाच बँडचा रिसीव्हर असेल तर दुसऱ्या बँडवरचं विमान जमिनीवरच्या केंद्राने पुन्हा प्रसारित केलं तरच दिसतं. पॅटर्नमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, जेमतेम हजार फुटांवर असताना ते केंद्र अनेकदा टेकडीआड जातं. म्हणून एक डाँगल वाचवायच्या फंदात पडू नये. अँटेनांची अदलाबदलही टाळावी, पल्ला कमी होतो.

फक्त ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) असलेल्या विमानांची माहिती रडारवरून केंद्राकडे आणि तिथून तुमच्याकडे येते. ती येते तुमच्या विमानाभोवती १५ नॉटिकल मैल आणि वर-खाली ३,५०० फूट एवढ्या भागापुरती, तीसुद्धा तुमच्याकडे एडीएस-बी आउट (हे संदेश पाठवणारं यंत्र) असेल तरच. आउट नसेल तर दुसऱ्या कुणासाठी पाठवलेले तुकडे दिसतात. पडदा भरलेला वाटतो आणि नेमकं शेजारचं विमान गायब असतं. कोऱ्या पडद्यापेक्षा हे वाईट.

आउटची सक्ती १ जानेवारी २०२० पासून आहे, पण ठरावीक हवाई क्षेत्रांतच. मोठ्या विमानतळांपासून दूर, कमी उंचीवर ती बऱ्याच ठिकाणी लागू नाही. विजेची यंत्रणाच नसलेली जुनी पायपर कब तिथे विनासक्ती, विनारेडिओ उडते. तिला हा डबा कधीच दाखवणार नाही.

आता प्रत्यक्ष त्रास. पहिला विजेचा. पातळ किंवा लांब यूएसबी केबलमध्ये व्होल्टेज पडतं, बोर्ड मध्येच रीस्टार्ट होतो आणि तेवढा वेळ पडदा रिकामा. जाड, आखूड केबल आणि भक्कम पॉवर बँक घ्या. दुसरा उन्हाचा. समोरच्या काचेखाली डबा तापतो, पंखा पुरत नाही, त्यापेक्षा बाजूची खिडकी बरी. मात्र तिथे वैमानिकाचं स्वतःचं अंगच एका बाजूचा सिग्नल अडवतं. तिसरा उंचीचा. बाकीची विमानं हवेच्या दाबावरून मोजलेली उंची सांगतात. डब्यात बॅरोमीटर नसेल आणि तुलना जीपीएसच्या उंचीशी झाली, तर शेकडो फुटांचा फरक पडू शकतो. सेन्सर असलेलं मॉड्यूलच लावा. चौथा भुताचा. आपलंच विमान शेजारी उडताना दिसतं. सेटिंगमध्ये आपल्या विमानाचा सहा अक्षरी हेक्स कोड (त्याच्या संदेशांतली ओळख) टाकला की ते जातं.

या डब्याचं खरं काम पॅटर्नच्या आधीचं. दहा मैलांवरून रेडिओवर पहिला कॉल द्यायचा, त्याच वेळी कोण कुठून येतंय ते पडद्यावर बघायचं. ९० नॉटने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधला एक मैल २० सेकंदांत संपतो. त्यातली पाच सेकंद टॅबलेटवर बोट फिरवण्यात घालवणं महागात पडतं. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात, तर वरचं विमान खाली पंख असलेलं आणि खालचं वर पंख असलेलं असेल तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला सेसना ३४० सरळ फायनलवर येत होतं आणि सेसना १५२ पॅटर्नमध्ये होतं. दोघंही एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत होते. तरी टक्कर झाली, तिघे गेले. ३४० चा वेग उतरतानाच्या नेहमीच्या वेगापेक्षा बराच जास्त होता. ‘तीन मैल फायनल’ हे शब्द कानावर पडले की ऐकणारा आपल्या विमानाच्या वेगाने हिशोब करतो. नकाशावरच्या ठिपक्यासोबत वेगाचा आकडा दिसत असेल तर तो हिशोब सुधारता येतो. हा या डब्याचा मोठा फायदा, आणि बरेच जण तो आकडा सुरूच करत नाहीत.

घ्यावा का? आउट बसवलेलं असेल तर नक्की. नसेल तर आधी आउटवर खर्च करा. ॲपमध्ये उंचीची गाळणी वर-खाली २,००० फुटांवर ठेवा, इशाऱ्याचा आवाज हेडसेटमध्ये घ्या आणि डाउनविंडला (फेरीतल्या धावपट्टीला समांतर भागात) शिरण्याआधी टॅबलेटवरची नजर काढा. निघण्यापूर्वी स्टेटस पानावर संदेशांचे दोन्ही आकडे बघावेत. जमिनीवर ९७८ चा आकडा शून्य असणं बऱ्याच ठिकाणी स्वाभाविक आहे. डोक्यावरून मोठी विमानं जात असतानाही १०९० शून्यच राहिला, तर अँटेनाचा स्क्रू तपासा.