रंगाच्या पाण्याचं इलेक्ट्रिक मशीन : घ्या, पण खतासाठी नको

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं डाय हाऊस आहे, टॉवेलचं सूत रंगवायचं. रंगाचं पाणी साफ करणारं इलेक्ट्रिक मशीन गेल्या उन्हाळ्यापासून चालवतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी मशीनं आता बरेच जण बनवतात आणि आतला मामला साधारण सारखाच.

विकायला आलेला माणूस म्हणाला, "सांडपाण्यातून खत काढून देतो मालक." खत म्हणजे अमोनिया. विजेने नायट्रेटचा अमोनिया होतो, यात खोटं काही नाही. पण एका रेणूला 8 इलेक्ट्रॉन लागतात, कॅथोडवर (विजेच्या ऋण टोकावर) तांब्यासारखा उत्प्रेरक लागतो आणि मुळात पाण्यात नायट्रेट दणकून हवं. आमच्या पाण्यात दणकून आहे ते मीठ, आणि या मशीनचा कॅथोड साध्या स्टीलचा. ब्रोशरचं ते पान बघूच नका.

खरी कमाई मिठाची आहे. रिअ‍ॅक्टिव्ह (सुताशी रासायनिक जोड होणाऱ्या) रंगाच्या गडद शेडला लिटरमागे 60 ते 80 ग्रॅम मीठ पडतं आणि ते सगळं न चढलेल्या रंगासोबत नाल्यात जातं. मशीनच्या धन टोकाच्या टायटॅनियम पट्ट्यांवर रुथेनियम ऑक्साइडचा काळा लेप असतो. त्यावर मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो, पाण्यात हायपोक्लोराइट तयार होतं आणि तेच रंग फोडतं. ब्लीच बाहेरून आणायलाच नको. मरूनचं पाणी मधूनमधून काचेच्या बरणीत धरून बघतो : आधी विटकरी, मग कोऱ्या चहासारखं, शेवटी फिकट पिवळं. ती पिवळी झाक मात्र हटत नाही.

हे पाणी पुन्हा गडद शेडलाच वापरतो, त्यामुळे नवं मीठ बरंच कमी लागतं. त्याआधी उरलेला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने मारावाच लागतो, नाहीतर पुढच्या बाथचा रंग खाल्लाच म्हणून समजा. फिक्या शेडला हे पाणी चुकूनही नको. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) जिवाणूंकडे सोडायचं असलं तरी क्लोरीन आधी मारा.

विजेचं म्हणाल तर एक किलो क्लोरीनला कागदावर साधारण 756 अँपिअर-तास, म्हणजे 4 व्होल्टला 3 युनिट. मीटर त्याहून जास्तच पळतो. मीठ कमी असलेल्या धुण्याच्या पाण्यावर तर मशीन लावूच नये, नुसती वीज जळते.

आता तक्रारी. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने कॅथोडवर पांढरा खडखडीत थर बसतो. पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड फिरवलं की निघतो, पण हे विकताना कोणी बोललं नव्हतं. आमचा ऑपरेटर तो थर स्क्रू ड्रायव्हरने खरवडायला निघाला होता. "शेजारच्या टायटॅनियम पट्टीच्या लेपाला ओरखडा गेला तर पट्टी गेली बे," म्हणून हात धरला. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असंही नाही : टीडीएस (विरघळलेले क्षार) तसाच राहतो, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) रंगाइतका उतरत नाही आणि क्लोरीनची काही घातक संयुगं तयार होऊ शकतात. तपासणी लॅबमधूनच करून घ्या, डोळ्यावर जाऊ नका.

कॅथोडवर हायड्रोजन सुटतो. हवेत 4 टक्के झाला की ठिणगीला पेटतो. आम्हाला मशीन बंद शेडमध्ये बसवून दिलं होतं. एक्झॉस्टची नळी छतावर आम्हीच काढली, खर्चही आमचाच. ऑर्डर देताना ही नळी कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि लेपाची गॅरंटी महिन्यांत नाही, चालू तासांत मागा.